आजाऱ्याने बसायचे कुठे?

फराळाचे ताट पुढ्यात असताना कॅन्सरचे नाव काढू नये, एवढा शिष्टाचार मलाही कळतो. दिवाळी अंकात कथा असावी, कविता असावी, व्यंगचित्रे असावीत, वार्षिक राशिभविष्य असावे. दुखण्याखुपण्याच्या गोष्टींना वर्षाचे बाकीचे अकरा महिने मोकळे आहेतच. तरीही हा विषय मी मुद्दाम याच अंकासाठी राखून ठेवला. कारण माझे भांडण ज्यांच्याशी आहे ती मंडळी दिवाळी अंक वाचतात. रुग्णालयांचे विश्वस्त वाचतात, देणगीदार वाचतात, वास्तुशिल्पी निदान चाळतात. आणि ज्यांच्या घरात हे दुखणे येऊन गेले आहे अशी माणसे तर, मी पैजेवर सांगतो, हा अंक जाईल त्या प्रत्येक आळीत आणि प्रत्येक सोसायटीत आहेत.

भांडणाचा मुद्दा थोडक्यात सांगतो. कॅन्सरचा रोगी हल्ली रुग्णालयात झोपत नाही, तो बसतो. आणि त्याने बसायचे कुठे व कसे, याचा विचार करायला आपल्याकडे कोणाला सवड नाही.

पूर्वी या दुखण्याच्या माणसाला दाखल करून घेत. त्याला खाट मिळे, खाटेशेजारी एक कपाट मिळे, चार दिवसांत शेजारचे ओळखीचे होत. आता केमोथेरपीचा पुष्कळसा भाग ‘डे-केअर’मध्ये उरकतो. सकाळी जायचे, संध्याकाळी घरी परतायचे. सोय मोठी आहे, खर्चही वाचतो. मी त्याविरुद्ध नाही. पण त्या एका दिवसात काय काय असते ते पाहा. रक्त द्यायचे आणि रिपोर्टाची वाट पाहायची. रिपोर्ट आला की डॉक्टरांची वाट पाहायची. डॉक्टरांनी होकार दिला की औषध तयार होऊन येण्याची वाट पाहायची. मग शीर शोधायची, सुई लावायची आणि बाटलीतला थेंब न् थेंब उतरेपर्यंत बसून राहायचे. रोग्याचा आणि रुग्णालयाचा जो काही संबंध येतो तो या बसण्यातून येतो. आणि सगळ्या इमारतीत बसण्याची जागाच तेवढी कोणी विचार करून केलेली नसते!

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली आणि नंतर दर २१ दिवसांनी एक याप्रमाणे ८ केमो ठरल्या. दर खेपेला शिरेतून ऑक्सालिप्लॅटिन नावाचे औषध, आणि त्यानंतर १४ दिवस घरी गोळ्या. या ऑक्सालिप्लॅटिनची एक खोड आहे. ते घेतल्यावर कित्येक दिवस माणसाला गारवा सोसत नाही. गार वस्तूला हात लागला की बोटांत टाचण्या टोचल्यासारखे होते. गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळल्यासारखा वाटतो. डॉक्टरांनी हे नीट समजावून सांगितले आणि तशा सूचनांचा छापील कागदही अक्काच्या हाती दिला. गार पाणी पिऊ नये, गार वस्तूला हात लावू नये, थंड वाऱ्यात बसू नये.

हा कागद देणारे रुग्णालय आणि अक्काला प्रत्यक्ष जिथे बसवले ते रुग्णालय, ही दोन निराळी रुग्णालये असावीत असे मला पहिल्याच दिवशी वाटले. तिची खुर्ची एसीच्या झोताच्या बरोबर खाली होती. खुर्चीचे हात स्टीलचे होते. प्यायच्या पाण्याची सोय म्हणजे कोपऱ्यातला कूलर, आणि त्यातून बर्फासारखे पाणी येई. डोक्यावर उघडी ट्यूबलाइट होती. खुर्ची मागे कलती केली की ती नेमकी डोळ्यांत येई, म्हणून अक्का पदराने डोळे झाकून घेई. आणि खुर्चीच्या पाठीवर एक पितळी पट्टी ठोकलेली होती: ‘कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ’.

अक्काने छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे. समोर अक्षर दिसले की ती वाचणारच. पट्टी वाचून ती मला म्हणाली, “बाळ, ही जागा आधीच कोणाच्या तरी नावावर आहे रे!”

आम्ही दोघे हसलो. पण त्या हॉलमध्ये अशा बारा खुर्च्या होत्या आणि बाराही खुर्च्यांच्या पाठीवर ‘कै.’ होते. ज्या माणसाच्या मनात रात्रंदिवस एकच शंका घोळते आहे, त्याला नेमके ते अक्षर पाठीशी घेऊन बसवायचे, ही कल्पना कोणत्या सुपीक डोक्यातून निघाली असेल? देणाऱ्याचा हेतू पवित्र होता, यात संशय नाही. पण ती पट्टी कोणाच्या पाठीला टेकणार, हा विचार देणाऱ्याने केला नाही आणि घेणाऱ्यानेही केला नाही.

पाचव्या केमोच्या आदल्या रात्री अक्काने सांगून टाकले, “मी येणार नाही.” आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो. धाकटी भाची रडायला लागली. अक्का म्हणाली, “औषधाचं काही नाही रे, ते सोसेन मी. ती खोली नको. तिथला तो फिनेलचा वास, तो झोत, तो दिवा. दुपारपासून नुसती आठवण झाली तरी पोटात ढवळतंय.”

हा तिचा लहरीपणा नव्हता. औषध अंगात जाण्यापूर्वीच, त्या जागेच्या वासाने किंवा नुसत्या दर्शनाने ओकारी येऊ लागते, हा अनुभव केमो घेणाऱ्या अनेकांना येतो आणि डॉक्टरांना तो चांगला ठाऊक आहे. शरीर आठवण ठेवते. विहिरीत बुडता बुडता वाचलेले पोर पुढे काठाशीही फिरकत नाही, तसलाच हा प्रकार. म्हणजे खोली वाईट असेल तर ती नुसती गैरसोय करून थांबत नाही. ती उपचारात आडवी येते. आमची अक्का त्या रात्री रोगापुढे हरली नव्हती. ती एका खोलीपुढे हरत होती.

मग ती गेली कशी? एका सिस्टरच्या पुण्याईने. आम्ही घाबरत घाबरत हकिकत सांगितली, तेव्हा त्या बाईने कोणाला न विचारता अक्काची खुर्ची भिंतीकडे सरकवली, औषधाच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडून एसीच्या जाळीवर चिकटवला आणि ट्यूबलाइट बंद केली. आम्ही घरून गोधडी, लोकरीचे हातमोजे आणि कोमट पाण्याचा थर्मास नेला होता. उरलेल्या चार केमो त्या पुठ्ठ्याच्या आडोशाने पार पडल्या. सातव्या खेपेला पुठ्ठा जागेवर नव्हता; विश्वस्तांची भेट होती, म्हणून तो काढला होता. भेट संपल्यावर सिस्टरने नवा लावला.

ज्या इमारतीत पुठ्ठ्याची ही कथा घडली तिच्या दर्शनी भागात काय होते, तेही सांगितले पाहिजे. संगमरवरी फरशी होती, दोन मजले उंचीवरून पडणारे कृत्रिम पाणी होते, काचेच्या पेटीत गणपती होता आणि देणगीदारांच्या नावांची ग्रॅनाइटची भिंत होती. त्या संगमरवरावरून अक्का जीव मुठीत धरून चाले, कारण केमोने तळपाय बधिर झालेल्या माणसाला गुळगुळीत फरशीइतका दुसरा शत्रू नाही. तेव्हा पैसा नव्हता असे कोणी मला सांगू नये. पैसा होता. तो उभे राहून पाहणाऱ्यासाठी खर्च झाला. बसून सोसणाऱ्याच्या वाट्याला आला नाही.

मी व्यवस्थापकांना भेटलो. गृहस्थ सौजन्याने वागले. सगळे ऐकून घेऊन म्हणाले, “काका, हे हॉस्पिटल आहे, लॉज नव्हे. लोक इथे बरे व्हायला येतात, आराम करायला नाही.” हे वाक्य अनेकांना बिनतोड वाटेल, म्हणून त्याचा समाचार घेतला पाहिजे.

बरे होणे आणि आराम पडणे हे एकमेकांचे वैरी आहेत, असे कोणत्या वैद्यकाने सांगितले? आपल्या भाषेत तर ‘आराम पडला’ म्हणजेच बरे वाटले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी शुश्रूषेवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी उजेड, स्वच्छ हवा, खिडकीतून दिसणारे दृश्य आणि गोंगाट यांचा विचार औषधाच्या बरोबरीने केला आहे. अकारण गोंगाट हा तर त्यांना आजाऱ्यावरचा जुलूम वाटे. आमच्या प्रतीक्षागृहात बातम्यांची वाहिनी दिवसभर किंचाळत होती, हे जाता जाता सांगतो.

बाईंची गोष्ट जुनी म्हणून सोडून दिली, तर १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात रॉजर उलरिच या संशोधकाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियामधल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची १९७२ ते १९८१ या काळातली टिपणे त्यांनी तपासली. २३ रोग्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती. त्यांच्याशी सर्व बाबतींत जुळणाऱ्या दुसऱ्या २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत दिसत होती. झाडे पाहणारे थोडे आधी घरी गेले आणि त्यांना जहाल वेदनाशामके कमी लागली. खिडकीने कॅन्सर बरा होतो असे मी म्हणत नाही. असे म्हणणारा भोंदू समजावा. पण वेदना आणि भीती यांवर खिडकीचा अंमल चालतो, एवढे तरी त्यातून दिसते. आणि वेदना व भीती हेच तर रोग्याच्या दिवसाचे बारा तास व्यापून असतात!

स्कॉटलंडमधली एक हकिकत याहून बोलकी आहे. मॅगी केझविक जेन्क्स नावाची, बागांचा अभ्यास करणारी लेखिका होती. १९८८ साली तिला स्तनाचा कॅन्सर झाला आणि १९९३ साली तो उलटला. आता दोन-तीन महिनेच हातात आहेत, असे तिला डॉक्टरांनी सांगितले. आणि पुढचे रोगी खोळंबले असल्यामुळे ती बातमी पचवायला तिला आणि तिच्या नवऱ्याला बिनखिडकीच्या बोळात बसावे लागले. बाई पुढे १९९५ पर्यंत जगली. त्या काळात तिने एका जागेचा आराखडा मनाशी धरला. तिथे उपचार नाहीत. रुग्णालयाच्या आवारातच एक घर असावे, दारात टेबल-कारकून नसावा, मध्ये स्वयंपाकघराचे मोठे टेबल असावे, कोणीही यावे, चहा करून घ्यावा, हवे तर बोलावे, नको तर बागेकडे पाहत बसावे. तिच्या मृत्यूनंतर १९९६ साली एडिंबरोत, रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या तबेल्याची डागडुजी करून, असे पहिले केंद्र उघडले. आज तिच्या नावाची वीसहून अधिक केंद्रे आहेत आणि जगातले नामवंत वास्तुशिल्पी ती बांधून देतात. पण आरंभ तबेल्यातून झाला, हे आमच्या संगमरवरवाल्यांनी ध्यानात ठेवावे.

परदेशाच्या गोष्टी पुरेत, असे कोणी म्हणेल. तर आपल्या मुंबईच्या माणसाची सांगतो. पणजीची कला अकादमी बांधणारे चार्ल्स कोरिआ यांनीच पोर्तुगालमध्ये लिस्बनला, टेगस नदी समुद्राला मिळते तिथे, कॅन्सरवरील संशोधनाचे व उपचाराचे एक केंद्र बांधले. ते २०१० साली उघडले. इमारतीच्या पोटात त्यांनी भरगच्च झाडीची बाग घेतली आणि नदीकडे जाणारी वाट सर्वांना मोकळी ठेवली. ज्या किनाऱ्यावरून वास्को द गामा हिंदुस्थानचा रस्ता शोधायला निघाला, तिथे जाऊन आमच्या माणसाने आजाऱ्याला झाड आणि पाणी दाखवण्याची रीत मांडून दाखवली. ती रीत आमच्याच गावात येताना मात्र तिला रस्ता सापडत नाही.

आता माझे दुसरे प्रतिपक्षी. ते म्हणतात, “अगदी बरोबर! आम्ही पंचतारांकित डे-केअर काढतो. मखमली पडदे, गालिचे, कुंड्या, झुंबर.” यांच्यापासून तर देव वाचवो. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात आणि साध्या जंतूचेही भय निर्माण होते. म्हणून गालिचा नको, मखमल नको, खोलीत कुंडीतली माती नको. जे जे थाटाचे, ते ते येथे वर्ज्य आहे. आणि जे सुखाचे आहे त्याला फारसा पैसा लागत नाही, फक्त तासभर त्या खुर्चीत बसून पाहावे लागते.

मी आठ दिवस त्या हॉलमध्ये स्टुलावर बसून काढले आहेत, त्या अधिकाराने सांगतो. रोगी भिंत पाहत नाही, तो छत पाहतो. तेव्हा रंगरंगोटी करणाऱ्याने आधी आडवे पडून पाहावे. दिवे भिंतीकडे तोंड करून लावावेत, म्हणजे उजेड पडेल आणि डोळ्यांत जाणार नाही. एसीचा झोत कोणाच्याही अंगावर येऊ देऊ नये. खुर्ची पुसता येईल अशा रेक्झिनची, त्यावर रोज धुतलेली सुती चादर, आणि सुईचा हात तास न् तास टेकवता येईल असा रुंद, मऊ हात. शिरेतून पाणी भरपूर जाते, म्हणून रोगी वारंवार लघवीला उठतो, आणि सलाईनचा स्टँड हाताने ढकलत नेतो. आमच्याकडे संडासाच्या दाराला दोन बोटे उंचीचा उंबरा होता! चाके तिथे अडत, बाटली हेलकावे खाई आणि आतून कडी लावायला दुसरा हात मोकळा नसे. तो उंबरा फोडायला एक गवंडी आणि एक दुपार पुरे.

पडद्यांचाही विचार हवा. काही औषधे शिरेबाहेर पाझरली तर कातडी आणि मांस जाळतात, म्हणून सिस्टरला प्रत्येक रोग्याचा हात दिसलाच पाहिजे. मग सगळेच उघडे ठेवायचे का? नाही. बसलेल्या माणसाच्या खांद्याइतकी आडभिंत घाला; उभ्या सिस्टरला सर्व दिसेल, आणि टक्कल झाकणाऱ्या पोरीला समोरच्याची नजर चुकवता येईल. गप्पा मारायच्या असतील तर मान उंच करावी. स्वयंपाकाचा वास, फिनेलचा वास, उदबत्तीचा वास, तिन्ही दूर ठेवा. सोबतच्या माणसाला पाठ असलेली खुर्ची द्या, कारण त्याला परतीची गाडीही चालवायची असते.

आणि भिंतीवरची ती चित्रे उतरवा. तंबाखूने सडलेले जबडे शाळेपुढे लावा, एसटी स्टँडवर लावा, पानाच्या ठेल्यासमोर लावा. मी स्वतः खिळे ठोकायला येतो. पण जो रोगी होऊन इथे बसला आहे त्याला ती कशासाठी दाखवता? ज्याने तंबाखू खाल्ली त्याला दिवसभर आरोपपत्र वाचावे लागते, आणि माझ्या अक्कासारखीने जन्मात चिमूट शिवलेली नसताना तिला उगीच ओशाळे होऊन बसावे लागते. शेवटी, वाईट बातमी सांगण्यासाठी दार लागणारी एक लहानशी खोली ठेवा. तिथे दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि एक खिडकी असू द्या. एवढे असते तर एडिंबरोच्या त्या बाईला बोळात बसावे लागले नसते.

यात नवे काय आहे? आमच्या आज्यांना हे सगळे येत होते. बाळंतिणीची खोली कोणती, खाट वाऱ्याच्या आड कशी टाकायची, डोळ्यांवर उजेड कसा येऊ द्यायचा नाही, शेक कुठे ठेवायचा, कोणाला आत सोडायचे आणि कोणाला दारातूनच परतवायचे, हे त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी न घेता ठरवले. त्यांचे काही समज चुकीचे होते. अंधार आणि धूर यांनी बाळंतिणींना त्रासही झाला. पण घरातले सगळे आजाऱ्याच्या खाटेभोवती बेतायचे, हे त्यांचे मूळ सूत्र चुकीचे नव्हते. आम्ही सूत्र टाकून दिले आणि धूर मात्र उदबत्तीच्या रूपाने ठेवला.

गाडगे महाराजांना अक्षरओळख नव्हती. पण पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक येथे धर्मशाळा बांधताना, थकून आलेल्या माणसाला आधी पाठ टेकायला जागा लागते, हे त्यांना कळले. आज दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा परळला कॅन्सरच्या उपचारासाठी येणाऱ्या बाहेरगावच्या रोग्यांना आसरा देते. त्या माणसाने स्वतःच्या नावाची पाटी मागितली नव्हती, म्हणूनच ते नाव टिकले.

वाचकहो, दिवाळीत आपण दाने देतो. या वर्षी कोणा रुग्णालयाला काही देणार असाल तर एवढे करा. आधी एक सकाळ तिथल्या डे-केअरमध्ये जाऊन बसा. दिवा डोळ्यांत येतो का पाहा, झोत अंगावर येतो का पाहा, संडासाचा उंबरा पाहा. मग जे खुपेल त्यासाठी पैसे द्या, आणि ते त्यालाच लागले का हे विचारायला पुन्हा एकदा जा. दर्शनी भिंतीसाठी मागितले तर हात जोडून नाही म्हणा.

अक्काच्या आठही केमो झाल्या. बोटांच्या मुंग्या अजून पुरत्या गेलेल्या नाहीत, पण चकलीचा सोऱ्या फिरवण्याइतपत हात आला आहे, आणि हे लिहीत असताना ती आत भाजणीवरून सुनेशी वाद घालते आहे. त्या हॉलला एक खुर्ची द्यावी असे आम्ही भावंडांनी ठरवले, तेव्हा पाठीवर काय लिहायचे म्हणून मी तिला विचारले. तिने शाळामास्तरणीच्या आवाजात सांगितले, “काही लिहू नका. माणूस तिथे टेकायला येतो, वाचायला नाही. आणि हात लाकडी करून घे, स्टीलचे नकोत.”